तुम्ही विचारलंत म्हणून: ईरी शहर नेमकं कोणाच्या बाजूचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ईरीबद्दल राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवेळी एकच प्रश्न येतो: कामगारांचं, युनियनचं हे शहर ट्रम्प यांच्याकडे गेलं कसं?

शहर गेलंच नाही. गेली, परत आली आणि पुन्हा गेली ती ईरी काउंटी, म्हणजे शहर ज्यात येतं तो जिल्ह्यासारखा विभाग. नाव एकच असल्याने गल्लत होते. 2020 च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे 95 हजार, तर काउंटीची 2 लाख 71 हजार. निकालाच्या रात्री टीव्हीवर 'ईरी' म्हणून दाखवतात ते काउंटीचे आकडे असतात. त्यात शहराला लागून असलेलं मिलक्रीक आलं, तसंच दक्षिणेकडची कोरी, युनियन सिटी ही छोटी गावं आणि शेतीचा पट्टाही आला. शहर आजही भक्कम डेमोक्रॅटिक आहे, ग्रामीण पट्टा तितकाच रिपब्लिकन.

आता आकडे. 2012 मध्ये काउंटीत डेमोक्रॅट ओबामांना सुमारे 68 हजार मतं मिळाली, रिपब्लिकन रॉमनींना 49 हजार. 2016 मध्ये रिपब्लिकन ट्रम्प 60,069, डेमोक्रॅट क्लिंटन 58,112. 2020 मध्ये डेमोक्रॅट बायडन 68,286, ट्रम्प 66,869. 2024 मध्ये ट्रम्प पुन्हा पुढे, जेमतेम एक टक्क्याने. यातली 2012 आणि 2020 ही दोन वर्षं शेजारी ठेवा. बायडन यांना जवळपास ओबामांइतकीच मतं मिळाली, तरीही 19 हजारांची आघाडी 1,417 वर आली. म्हणजे 'डेमोक्रॅट मतदार पळाले' एवढं म्हणून भागत नाही. 2016 मध्ये त्यांची दहाएक हजार मतं घटली हे खरं, पण चार वर्षांत तो आकडा भरून निघाला. रिपब्लिकनांची वाढलेली अठरा हजार मतं मात्र टिकून राहिली. माझ्या मते ईरीची खरी गोष्ट ही आहे, आणि ती सांगितलीच जात नाही.

या बदलाचं कारण म्हणून रेल्वे इंजिनांच्या कारखान्याकडे बोट दाखवलं जातं, जो 2019 पर्यंत जीईचा (जनरल इलेक्ट्रिकचा) होता. शहराच्या सीमेवर लॉरेन्स पार्कमध्ये तो आहे. बिहारमधल्या मढौऱ्याच्या प्रकल्पातली पहिली डिझेल इंजिनं 2017 मध्ये भारतात आली, ती इथेच बनलेली. जीईने टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला नवा कारखाना उभारला आणि ईरीत 2013 मध्ये 950, तर 2015 मध्ये 1,500 नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. हा घाव खोल होता, यात शंका नाही. पण ज्या गावांचा त्या कारखान्याशी फारसा संबंध नाही तीही त्याच दिशेने सरकली. त्यामुळे कारखाना हे एक कारण धरा, एकमेव नको.

स्वतः ताळा करायचा असेल तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचे केंद्रनिहाय निकाल घ्या. केंद्रांचे तीन गट करा: शहरातले वॉर्ड; मिलक्रीक, लॉरेन्स पार्क, हार्बरक्रीकसारख्या लगतच्या टाउनशिप (शहराबाहेरचे स्थानिक विभाग); आणि उरलेली काउंटी. मधल्या काळात केंद्रांच्या हद्दी बदलल्या आहेत का, ते आधी बघा. नाहीतर दोन वेगळ्या वस्त्यांची तुलना होईल. मग टक्के बाजूला ठेवून प्रत्यक्ष मतं लिहा. समजा, एका वॉर्डात 4,000 जणांनी मत दिलं आणि विभागणी 70-30 झाली, तर आघाडी 1,600 ची. विभागणी तीच राहून 3,400 जणच आले, तर आघाडी 1,360. कोणाचंही मत न बदलता 240 ची आघाडी गेली! असे सहा वॉर्ड निघाले की 2020 चा 1,417 चा फरक संपलाच. शहरातलं घटलेलं मतदान टक्केवारीत दिसत नाही, म्हणून विश्लेषण नेमकं इथे चुकतं.

दुसरी चूक पक्षनोंदणीची. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणी करताना पक्ष लिहिता येतो, आणि त्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (जिच्यात पक्षाचा उमेदवार ठरतो) फक्त नोंदलेल्यांनाच मत देता येतं. शहरातल्या अनेक पदांचा फैसला डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीतच होतो. त्यामुळे राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकनांना मत देणाऱ्यालाही जुनी नोंदणी ठेवणं सोयीचं पडतं. नोंदणीचे आकडे असे वर्षानुवर्षं मागे राहतात. त्यांवरून निकालाचा अंदाज बांधू नका.

शिवाय राज्याच्या 2019 च्या कायद्याने मतपत्रिकेवर एकाच खुणेने सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय काढून टाकली. माणसं उमेदवार बघून निवडतातच: 2021 मध्ये याच काउंटीने कार्यकारी प्रमुखपदी रिपब्लिकन ब्रेंटन डेव्हिस निवडले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट जॉश शापिरो यांना पुढे ठेवलं.

त्याच कायद्याने कोणालाही कारण न देता टपालाने मत देता येऊ लागलं. पण ती पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी 7 च्या आधी उघडता येत नाहीत. मतपत्रिका आधी मतदाराची ओळख न दाखवणाऱ्या आतल्या पाकिटात, मग सही केलेल्या बाहेरच्या पाकिटात घालावी लागते. आतलं पाकीट विसरलं तर मत बाद. टपालाची मतं डेमोक्रॅटांकडे जास्त झुकतात आणि मोजायला वेळ लागतो. म्हणून रात्री दहाला दिसणारी आघाडी कितीही मोठी असली, तरी टपालाची किती पाकिटं मोजायची राहिली आहेत हे कळेपर्यंत तिच्यावरून काही ठरवू नका.