घोडबंदर ते बँकॉक: थ्रिलरचा नवा सीझन परदेशात करायचा तर

नव्या सीझनची विभागणी अशी होती: घरं, जिने आणि चौकशीची खोली ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या सेटवर, गल्ल्या आणि पाठलाग बँकॉकमध्ये. सगळ्यात जास्त घोळ होतो तो दारापाशी. नायिका दार ढकलते बँकॉकच्या गल्लीत आणि आत पाऊल टाकते ते ठाण्यात. म्हणून आधी बँकॉक उरका, मग इथे सेट उभारा. नुसत्या फोटोवर आर्टवाल्यांचं भागत नाही. बिजागऱ्या कोणत्या बाजूला, दार आत उघडतं की बाहेर, कडी जमिनीपासून किती इंचांवर, उंबरठा किती उंच, हे टेप लावून मोजून आणा. दार उघडताच चेहऱ्याच्या कुठल्या बाजूला उजेड पडतो, पिशवी कोणत्या खांद्यावर आहे, केस किती ओले आहेत, हे त्याच शॉटच्या शीटवर लिहा. संध्याकाळी हॉटेलवर आठवून लिहिलेलं हमखास चुकतं.

एक सोय आहे. थायलंडमध्येही वाहनं डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे गाडीतले संवाद ठाण्यात ग्रीन स्क्रीनवर निभतात. फक्त खिडक्यांबाहेरच्या प्लेट्स, म्हणजे हिरव्या पडद्यावर नंतर बसवायचं रस्त्याचं चित्रण, तिथे समोर, मागे आणि दोन्ही बाजूंनी, गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेऊन ठेवा. वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झ, म्हणून दिवे चित्रात फडफडू नयेत यासाठी सेकंदाला २५ फ्रेमला कॅमेऱ्याचं शटर १८० अंश, २४ फ्रेमला १७२.८. एलईडी पाट्या तरीही फडफडू शकतात. प्रत्येक पाटीची आधी टेस्ट घ्या.

कॅमेरा, लेन्स, लाइट यांच्यासाठी एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणताना ड्युटी (सीमाशुल्क) लागू नये यासाठीचा कस्टम्सचा कागद. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. खरं काम यादीचं आहे. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, वजन, किंमत आणि मूळ देश लिहावा लागतो. यादी पेटी उघडून, वस्तू हातात घेऊन करा. भाड्याच्या लेन्स आदल्या रात्री बदलून येतात आणि नंबर जुळत नाही म्हणून पेटी कस्टम्समध्ये अडकते. गॅफर टेप (सेटवरची चिकटपट्टी), दिव्यांवर लावायचं जेल, मेकअप असं वापरून संपणारं सामान कार्नेटवर चालत नाही. ते तिथेच विकत घ्या.

मुंबईच्या सहार विमानतळावर चेक-इनच्या आधी कस्टम्सचा शिक्का घ्यायचा असतो, त्यामुळे टेम्पो विमानाच्या सहा तास आधी निघायला हवा. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या कोंडीवर भरवसा ठेवू नका. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, त्यांच्या धातूच्या टोकांवर टेप लावून न्या. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून पाहा: १४.८ गुणिले ६.६ म्हणजे सुमारे ९८ वॉट-अवर. १०० पर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० मध्ये एअरलाइनच्या परवानगीने माणशी दोन. त्याहून मोठ्या प्रवासी विमानात नेता येत नाहीत.

पर्यटक म्हणून जाऊन शूटिंग करता येत नाही. तिथला नोंदणीकृत को-ऑर्डिनेटर थायलंड फिल्म ऑफिसकडे पटकथेसह अर्ज करतो. पटकथा पाठवण्याआधी नोटांचे सीन तपासा. थाई नोटांवर राजाचं चित्र असतं. नोटा जाळणं, पायाखाली तुडवणं असं काहीही लिहिलेलं नको. तिथला कायदा याबाबत फार कडक आहे आणि लोकांच्या भावनाही खऱ्या आहेत. व्हेप (ई-सिगारेट) तिथे बेकायदा आहे, प्रॉप म्हणूनही बॅगेत टाकू नका. नकली बंदुका इथून नेऊच नका.

सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता बागांमध्ये, स्टेशनांवर राष्ट्रगीत लागतं आणि सगळे थांबतात. युनिटनेही थांबायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आधीच मावळतो, म्हणजे संधिप्रकाशाचा शॉट नेमका त्याच मिनिटांवर येतो. कॉल शीटमध्ये ती जागा मोकळी सोडा.

फूटेजच्या दोन प्रती दोन माणसांकडे, दोन वेगळ्या विमानांनी आणा. परतताना बँकॉकला कार्नेटच्या पांढऱ्या पानावर आणि मुंबईला पिवळ्या पानावर शिक्का पडलाय का, हे काउंटर सोडण्याआधी बघा. एक जरी राहिला तरी ड्युटीची मागणी काही महिन्यांनी दारात येऊ शकते आणि तोवर भाड्याची लेन्स दुसऱ्याच सेटवर गेलेली असते.