कृपा आधी

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दुपारभर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय घेऊन बसले होते. गीतेत 'अहिंसा' हा एक शब्द येतो आणि श्लोक पुढे सरकतो. माऊली मात्र तिथेच थांबतात, ओव्यांमागून ओव्या सांगत राहतात: अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बघतो कसा, त्याचे हात कसे असतात, तो बोलतो कसा. 'पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥' गुरुवारी वाचनाला जमतो तेव्हा या ओवीवर मला बोलायचंय, म्हणून दोन-तीन सार्थ प्रती उघडून 'पाझरे' या एका क्रियापदावर पानभर टिपण काढलं. स्नेह ओतायचा नसतो, तो पाझरतो. म्हणजे आत आधी साठलेला हवा.

तेवढ्यात सासूबाईंनी आतून विचारलं, "गॅस बंद केलास का गं?" चौथ्यांदा.

वहीतून मान वर न काढताच मी ओरडले, "अहो आई, किती वेळा सांगू? केलाय बंद!"

मग घर गप्प झालं. चहाची वेळ टळली तरी त्या बाहेर येईनात. आत जाऊन पाहिलं तर पलंगाच्या कडेला बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. ८४ वर्षांच्या आहेत. लहानपणी माहेरी स्टोव्हचा भडका उडून त्यांची धाकटी बहीण भाजली होती. मला हे लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

शके १२१२ मध्ये नेवाशाला गीता मराठीत आली, ती संस्कृत न येणाऱ्या बायाबापड्यांनाही कळावी म्हणून. ज्यांच्यासाठी आली त्यातल्याच एक माझ्या घरात बसल्या होत्या, आणि मी क्रियापद सोडवत होते. ओवी शाळेपासून पाठ आहे. आज दुपारी शब्द तेवढे आले, आधी काहीच आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. वही मिटली, त्यांचा हात धरून ओट्यापाशी नेलं. त्यांनी स्वतः रेग्युलेटर चाचपून पाहिला. "हं," म्हणाल्या. खोलीत परत येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

साडेनवाला परत तेच. खरं सांगायचं तर या वेळी उठायचा कंटाळा आला होता. उठले. टिपण अर्धंच राहिलंय.