पट्टीवर बरोबर, कानाला उतरलेला

शिवाजी पेठेत मी लहान मुलांचा गाण्याचा वर्ग घेते. पेटी एकच, तबला-डग्ग्याची जोडीही एकच. बाकीच्या हातांना काम हवं म्हणून घरच्या घरी वाद्यं करायची आमच्याकडे पद्धतच पडली आहे. पत्र्याच्या डब्यावर फुगा ताणून डफ, बाटलीत तूरडाळ नाहीतर साबुदाणा घालून खुळखुळा. शेकून कातडं ताणल्याशिवाय हलगी बोलत नाही हे कोल्हापूरच्या पोराला सांगावं लागत नाही, त्यामुळे फुगा कशासाठी ताणायचा तेही लगेच कळतं.

त्या रविवारी जलतरंगाचा बेत होता. सरबताच्या एकसारख्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत पाणी कमी-जास्त. चमच्याने हलकेच वाजवत, घोट-घोट पाणी काढत-घालत सरगम जुळली. तेवढ्यात एकाने त्याच बाटल्यांच्या तोंडाला ओठ टेकून फुंकर मारायला सुरुवात केली आणि सगळं उलटंच ऐकू आलं. चमच्याने सर्वांत खाली बोलणारी भरलेली बाटली फुंकल्यावर सर्वांत उंच बोलली.

"बाई, ह्यानं पाणी बदललंय!"

"देवाशप्पथ, हातबी लावला नाही!"

भांडण मिटवायला मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, काय वाजतंय ते हातानंच बघा. चमचा मारून लगेच बाटली मुठीत आवळली की नाद जागीच मरतो. फुंकताना मात्र ती कितीही घट्ट धरा, आवाजाला काही होत नाही. दोन-तीनदा करून बघितल्यावर तोच फुंकणारा म्हणाला, "मग फुंकताना काच न्हाई वाजत, हवा वाजतीय." झालं! चमच्याने वाजते ती काच. पाणी वाढलं की तिच्यावर ओझं येतं, कंप मंदावतो, स्वर उतरतो. फुंकताना वाजते ती पाण्यावरची हवा. पाणी वाढलं की तिची जागा कमी होते, स्वर चढतो. पाणी कुणीच बदललं नव्हतं, दोन्ही आवाज खरे होते.

हवाच वाजते म्हटल्यावर बाटली तरी कशाला हवी? एका मुलाचे वडील फिटिंगची कामं करतात. तो घरी पळाला आणि प्लॅस्टिकच्या अर्ध्या इंची पाईपचे तुकडे घेऊन आला. गणपती जवळ आले होते, कुंभार गल्लीतून आणलेली शाडू माती दोघा-तिघांकडे होतीच. पाईपचं एक तोंड मातीनं बुजवायचं आणि आतली पोकळी मोजायची. मी फळ्यावर लिहून दिलं : सा १८ सेंटिमीटर, रे १६, ग १४.४, प १२, ध १०.८, वरचा सा ९. पंचमाची, म्हणजे प ची, लांबी सा च्या दोन-तृतीयांश, वरच्या सा ची बरोबर निम्मी. एवढ्या सहा नळ्यांत भूप राग वाजतो.

मुलांनी पट्टी लावून, पेन्सिलीनं माती ढकलून नळ्या तयार केल्या आणि वाजवायला घेतल्या. पाचवीतली एक मुलगी कोपऱ्यात बसलेली असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीताला तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, तेव्हापासून वर्गातही तिचा आवाज मी क्वचितच ऐकलेला. ती म्हणाली, "वरचा सा उतरलाय."

"पट्टीवर बरोबर हाय की! नऊ म्हंजे नऊ," फिटिंगवाल्यांचा मुलगा तडकला. त्यानं परत मोजलं. नऊच.

तिचं खरं होतं. पाईपमधली हवा तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेरही हलते, म्हणजे प्रत्येक नळी मापापेक्षा किंचित लांब असल्यासारखी वाजते. हे 'किंचित' सगळ्या नळ्यांना जवळपास सारखंच. लांब नळीत ते खपून जातं, आखूड नळीत कानाला बोचतं. हे मला वाचून ठाऊक होतं, तिला ऐकून कळलं. जवळच मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे, म्हणजे तारेखालची घोडी घासून नाद जुळवणारे, कारागीर शेवटी कानावरच विसंबतात, तोच हा कान.

मी पेन्सिल तिच्या हातात दिली. ती माती कणभर ढकलायची, फुंकायची, मग मोठी नळी फुंकून परत ऐकायची. तीन-चार मिलिमीटर आत गेल्यावर थांबली. दोघांनी दोन्ही सा एकदम वाजवले आणि सगळी पोरं गप्प झाली, कारण दोन आवाज वेगळे करता येईनात. मग जो तो आपली नळी घेऊन तिच्यापुढे. प्रत्येक नळी जुळवण्याआधी ती तो स्वर स्वतःशी गुणगुणत होती, आणि तो नेमका लागत होता. ज्या कुणी तिला ओठ हलवायला सांगितलं, त्यांनी त्या दिवशी तिथं असायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

शाडू वाळली की आकसते आणि बूच गळून पडतं. म्हणून पुढच्या वेळी मेणबत्तीचं मेण ओतलं, त्यावर स्वर टिकतात. त्याच दिवशी मुलांनी कोमल गंधार, म्हणजे थोडा उतरलेला ग, मागितला. मी हिशेब करून सांगितलं, पंधरा सेंटिमीटर.

"पोकळी पंधरापेक्षा जरा लांबच ठेवतो, बाई," ती म्हणाली. "मग ऐकत ऐकत बूच वर सारतो."