विनाशिका डोक्यावरून हलत नाही तेव्हा : माझा अनुभव

पाणबुडीच्या गेममध्ये टॉर्पेडो मारायला शिकवणारे पायलीचे पन्नास मिळतात. मारून झाल्यावर जिवंत कसं निसटायचं हे विचारलं, की सगळे एकच वाक्य ऐकवतात: ‘खोल जा आणि गप्प बसा.’ खोल जाऊन, गप्प बसून मी इतक्यांदा तळ गाठलाय, की आता ते वाक्य दिसलं तरी डोकं तापतं. म्हणून हे लिहितोय.

मी खेळतो सायलेंट हंटर 3. गेम 2005 चा, म्हणजे म्हातारा झाला, पण सुटत नाही. पाणबुडी दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सेव्हन-सी, समुद्र अटलांटिक, साल 1941-42. बाहेरून दाखवणारा कॅमेरा बंद, नकाशावरच्या शत्रूच्या खुणाही बंद. शेखी वाटली तर वाटू द्या, पण खालचं सगळं याच सेटिंगवरचं आहे. विनाशिका (डिस्ट्रॉयर, पाणबुडीच्या मागावर असणारी युद्धनौका) कुठे आहे ते कॅमेऱ्यातून बघत बघत निसटणाऱ्यांना याची गरज नाही.

मालवाहू जहाजांचा ताफा सापडला, रात्री पृष्ठभागावरूनच आत शिरलो, तेलवाहू जहाज पेटलं. इथवर सांगण्यासारखं काही नाही. मग प्रकाशगोळे उडाले आणि दोन विनाशिका माझ्या दिशेने वळल्या.

विनाशिकेकडे तुम्हाला शोधायच्या दोन वेगळ्या तऱ्हा असतात. एक म्हणजे नुसतं ऐकणं: हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा कान, लावून तुमच्या पंख्याचा (प्रोपेलरचा), पंपाचा, मोटरचा आवाज टिपणं. दुसरी म्हणजे ॲस्डिक. त्यात ती स्वतः ‘पिंग’ सोडते आणि तुमच्या पोलादावर आपटून परत येणारा प्रतिध्वनी मोजते. गप्प बसणं पहिलीवर चालतं. दुसरीला तुमच्या गप्प बसण्याशी काहीही घेणंदेणं नाही. मोटर बंद करून, श्वास रोखून बसलात तरी 67 मीटर लांबीचं पोलाद पाण्यात आहेच, आणि ते पिंगला इमानेइतबारे उत्तर देतं. ‘गप्प बसा’ सांगणारे नेमकं हेच गाळतात. पिंग ऐकू यायला लागले, की आवाजाचा प्रश्न दुय्यम होतो. प्रश्न उरतो तो तुम्ही तिला किती अंग दाखवताय याचा. बाजू दाखवली तर प्रतिध्वनी ठसठशीत, नाक किंवा शेपूट दाखवलं तर बारीक. मी शेपूट दाखवतो, म्हणजे निदान दूर तरी जात राहतो.

दोन तऱ्हांचं गणित एकमेकांच्या विरुद्धही जातं. पळायचं तर वेग हवा, वेग वाढवला की आवाज, आवाज झाला की हायड्रोफोनवाला खूश. मग दौड कधी मारायची? तर ती आंधळी असताना.

त्या काळातल्या ॲस्डिकचा झोत पुढच्या बाजूला, थोडासा खाली झुकलेला असे. विनाशिका जवळ आली, की खोलवरची पाणबुडी त्या झोताच्या खाली जाते आणि संपर्क तुटतो. जितके खोल तुम्ही, तितका तो लवकर तुटतो. खोल जाण्याचा खरा फायदा हा. त्यात डेप्थ चार्ज, म्हणजे ठरलेल्या खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपं, टाकायचे विनाशिकेच्या मागच्या टोकावरून, म्हणजे तुमच्या डोक्यावरून पुढे गेल्यावर. आणि ते पिंप काही दगडासारखं सरळ तळाशी जात नाही. ब्रिटिशांचा नेहमीचा डेप्थ चार्ज सेकंदाला साधारण 3 मीटर बुडायचा. तुम्ही 150 मीटरवर असाल तर तो पोचायला 50 सेकंद. 7 नॉटने (ताशी साधारण 13 किलोमीटर) तेवढ्यात 180 मीटर अंतर कापलं जातं. पाणबुडी जड, वेग पकडायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी धरा. तरी पुरतं, कारण कवच फोडायला तो चार्ज सहा-सात मीटरच्या आत फुटावा लागतो.

तेव्हा डोक्यावरून पंख्यांची घरघर जायला लागली, की सुकाणू एका बाजूला पूर्ण, वेग पूर्ण. चार्ज फुटायला लागले की तोच वेग, कारण त्या गदारोळात आणि घुसळलेल्या पाण्यात तिला काहीच ऐकू येत नाही. शेवटचा स्फोट विरायच्या आत पुन्हा 2 नॉट. एकटी विनाशिका असेल तर एवढ्यावर भागतं.

माझ्यावर दोन होत्या.

दोन असल्या, की एक हल्ल्याला येते आणि दुसरी लांब जवळजवळ थांबून ऐकत, पिंग करत राहते. हल्ला करणारी आंधळी होते तेव्हा ही डोळे उघडे ठेवून असते. मी सुकाणू फिरवून, दौड मारून, पुन्हा सावकाश झालो, की पहिली बरोबर माझ्या नव्या जागी वळायची. गेम फसवतोय असं वाटून मी शिव्या घातल्या, पण फसवणूक नव्हे, खऱ्या युद्धातही हेच होतं. ब्रिटिश कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर यांनी तर त्याचं शास्त्र केलं: एका जहाजाने दूर राहून ॲस्डिकने पाणबुडी धरून ठेवायची, आणि दुसऱ्याने पिंग न करता, अगदी हळू, तिच्या डोक्यावर यायचं. खालच्याला हल्ला होतोय याचा पत्ताच नाही.

आणि मग ती वाट बघणं. याचा खरा वैताग आहे. शत्रू जवळ असला की गेम वेळ पळवू देत नाही, टाइम कंप्रेशन खाली येऊन बसतं. सायलेंट रनिंग, म्हणजे आवाज न करता चालायचा हुकूम, लावलं की खलाशी टॉर्पेडो भरायचं थांबवतात, दुरुस्तीही थांबवतात. मागच्या भागात पाणी शिरतंय, पंपाला हात लावायचा नाही. कार्बन डायऑक्साइडचा काटा वर, बॅटरीचा खाली, आणि तुम्ही स्क्रीनसमोर बसून पिंग मोजताय. एक विनाशिका लांब जाते, वाटतं सुटलो, आणि ती वळून परत येते. जेवायला उठायची सोय नाही, कारण नेमकी तेव्हाच ती धाव घेणार. पॉज करा म्हणणारे असतील. पॉज करून परत आल्यावर कोण कुठल्या बाजूला होतं ते डोक्यातून गेलेलं असतं.

फेब्रुवारी-मार्च 1944 मध्ये यू-358 या जर्मन पाणबुडीचा पाठलाग तब्बल 38 तास चालला होता. शेवटी तिने एक ब्रिटिश फ्रिगेट (छोटी युद्धनौका) बुडवलं, मग तिला वर यावं लागलं आणि स्वतःही बुडाली. हे वाचल्यावर माझी तक्रार जरा सौम्य झाली. जरा.

सुटका झाली ती हायड्रोफोनच्या खुर्चीवर मी स्वतः बसायला लागल्यापासून. सोनारवाला ‘युद्धनौका जवळ येतेय’ एवढंच सांगतो, आणि तेही आवाज करणाऱ्या नौकेबद्दल. आपल्याला धोका असतो न करणाऱ्या नौकेचा. चाक स्वतः फिरवून ऐकलं, की एका दिशेला पंख्यांचा वेगवान ठोका येतो, ती हल्लेखोर. दुसऱ्या दिशेला अगदी मंद ठोका, किंवा ठोका नाही आणि नुसते पिंग, ती पहारेकरीण. शेपूट दाखवायचं ते पहारेकरणीला. हल्लेखोराची तुमच्या डोक्यावरची आंधळी वेळ तशीही तुमचीच असते.

त्यापुढचं माझं मी शोधलं, म्हणून जरा मिरवतो. दोघी दोन बाजूंना असतील तर एकच शेपूट दोघींना दाखवता येत नाही. म्हणून प्रत्येक स्फोटांच्या फेरीत मनाला येईल तिकडे वळायचं नाही, नेहमी असं वळायचं की पुढच्या वेळी दोघी माझ्या मागच्याच बाजूला येतील. काही फेऱ्यांनंतर दोघी साधारण एकाच दिशेला आल्या, दोघींना बारीक प्रतिध्वनी मिळायला लागला, आणि हल्लेखोराचाच आवाज पहारेकरणीच्या कानात जायला लागला. पुढचे चार्ज माझ्यापासून लांब फुटले. त्याच्या पुढचे आणखी लांब. दोघी रिकाम्या पाण्यावर बॉम्ब टाकतायत हे ऐकण्यात जी मजा आहे, ती जहाज बुडवण्यात नाही राव.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: हल्ल्याआधी नकाशावर खोली बघा. वरची सगळी करामत खाली पाणी असेल तर. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात 40 मीटरच्या आसपास पाणी, तिथे काय कप्पाळ खोल जाणार? अटलांटिकमध्ये मी 200 च्या आतबाहेर राहतो, पण कवचाला आधीच मार बसला असेल तर तेवढंही नाही.

दिवसा टॉर्पेडो मारायचा तर विजेवर चालणारा. वाफेवरच्या टॉर्पेडोमागे बुडबुड्यांची रेघ उठते आणि ती रेघ धरून विनाशिका तुमच्याकडे येते. पेरिस्कोप वर काढायच्या आधी वेग कमी, आणि काढला तरी काही सेकंदच. वादळात मात्र खुशाल हल्ला करा. लाटांच्या आवाजात त्यांचे हायड्रोफोन निम्मे निकामी होतात. सायलेंट हंटर 4 खेळणाऱ्यांनी थंड पाण्याचा थर ओलांडल्याची सूचना मिळाली की त्याखालीच राहावं, तिथे ॲस्डिकचा झोत वाकतो. 3 मध्ये त्यावर भिस्त ठेवू नका.

युद्धाची तारीख पुढे सरकली की माझी युक्तीही दुबळी पडते. 1942 पासून विनाशिकांवर हेजहॉग येतो. तो 24 गोळे पुढच्या बाजूला फेकतो, त्यामुळे विनाशिका आंधळी व्हायच्या आधीच गोळे पाण्यात असतात. ते थेट आदळले तरच फुटतात, म्हणजे चुकले तर स्फोटांचा आडोसाही मिळत नाही. तेव्हा तिची सरळ धाव सुरू झाली, की डोक्यावर यायची वाट न बघता आधीच बाजूला व्हा. 1944 च्या स्क्विडपुढे (हाही पुढे फेकतो, पण ठरलेल्या खोलीवर फुटणारे चार्ज) मला अजून धड उत्तर सापडलेलं नाही. माझी कारकीर्द तिथवर टिकतच नाही.

पिंग थांबले म्हणून लगेच वर येऊ नका. 2 नॉटने तसंच दूर जात राहा, मग पेरिस्कोपच्या खोलीवर या, आधी हायड्रोफोनने चौफेर ऐका, मग डोळ्यांनी बघा. वर आल्या आल्या मुख्यालयाला रिपोर्ट ठोकायची घाई तर अजिबात नको. ब्रिटिशांची एचएफ-डीएफ, म्हणजे रेडिओ कुठून आला ते शोधणारी, यंत्रं अगदी छोट्या संदेशावरूनही दिशा काढायची. आधी हवा, मग बॅटरी, मग टॉर्पेडो भरणं. तोवर ताफा पुढे गेलेला असतो, पण तो आठ-नऊ नॉटने रखडतो आणि सेव्हन-सी पृष्ठभागावर सतराच्या वर जाते. पुन्हा गाठायचा की सोडायचा, ते टाकीतलं डिझेल बघून ठरवा.