आजारी, पण रोज दोन तास

हॉस्पिटलमधून घरी येऊन चार दिवस झाले होते. मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन झालेलं. फार वेळ बसायला बंदी, पण डोकं शाबूत. मग काय, सोफ्यावर आडवं होऊन लॅपटॉप उघडला आणि ऑफिसच्या चॅटवर दोघांच्या शंकांना उत्तरं दिली. दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन. मला वाटलं, तब्येतीची चौकशी करायला असेल.

"तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतोय. तू आजारी आहेस. बंद कर तो लॅपटॉप."

रोज दोन-तीन तास सहज जमतील, उलट माझं मन रमेल, असं मी सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही. इथे जर्मनीत, स्टुटगार्टला येऊन सहा वर्षं झाली, पण त्या दिवशी मला खरोखर अपमान झाल्यासारखं वाटलं. आपल्याकडे ताप अंगात असताना मेल पाठवणाऱ्याचं कौतुक होतं, आणि इथे मला शाळेतल्या पोरीसारखं दटावलं!

आजारी असताना काम करायला कायद्याने सरसकट बंदी नाही, हे मला नंतर कळलं. अडचण वेगळी आहे. जर्मन डॉक्टरची आजारपणाची चिठ्ठी पुरती असते किंवा नसते. तुम्ही कामाला लायक आहात, नाही तर नाही आहात. 'अर्धा आजारी' हा रकाना त्यात नाही. आणि कामगाराच्या तब्येतीची काळजी घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी, त्यामुळे आजारी माणसाला राबवलं हा ठपका कुणालाच नको असतो. (चिठ्ठी म्हणायची सवय राहिली आहे एवढंच. 2023 पासून डॉक्टर ती थेट विमा संस्थेला ऑनलाइन पाठवतो आणि कंपनी तिथून उचलते. तो प्रसिद्ध पिवळा कागद गेला.)

पैशांची बाजू भक्कम आहे. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. पुढे आरोग्य विमा 'क्रांकनगेल्ड' देतो, म्हणजे कर वगैरे कपातीआधीच्या पगाराच्या 70 टक्के, पण हातात येणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांहून जास्त नाही. त्याच आजारासाठी तीन वर्षांत जास्तीत जास्त 78 आठवडे.

अर्धवेळ कामाची वाट मला सातव्या आठवड्यात डॉक्टरांनीच दाखवली. तिचं नाव 'हाम्बुर्गर मोडेल'. नवऱ्याने बर्गरवरचा विनोद लगेच करून घेतला. माझा आराखडा एका पानाचा होता: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती तास. दोन आठवडे दोन तास, पुढचे दोन चार तास, मग दोन आठवडे सहा. डॉक्टर लिहिणार, मी सही करणार, कंपनी आणि विमा संस्था हो म्हणणार. कंपनी सहसा नकारही देऊ शकते, आणि मलाही मध्येच थांबता येतं.

गंमत अशी की या सहा आठवड्यांत मी कागदोपत्री आजारीच होते. पैसे विम्याकडून येत होते, कंपनीकडून एक युरो नाही. आई-बाबा आले तेव्हा एक दिवस सुट्टी मागितली, तर एचआरवाल्या बाईंना प्रश्न पडला: आजारी माणसाला सुट्टी कशी देणार?

पहिल्या दिवशी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, चाळीस मिनिटं उभी राहून ऑफिस गाठलं. दोन तासांपैकी पाऊण तास पासवर्ड बदलण्यात गेला. तिसऱ्या दिवशी एक मीटिंग रंगली होती, मी बोलत होते, आणि शेजारचा सहकारी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "अकरा वाजले, तुझं झालं." मी म्हटलं, पाचच मिनिटं. त्याने माझा कोट आणून खुर्चीवर ठेवला. रागच आला. घरी पोचले तेव्हा उजव्या पायात अशी कळ होती की जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. सोफ्यावरून जे 'दोन-तीन तास सहज' म्हणत होते, ते दोन तास हे असे होते.

स्वीडनमध्ये माझी मैत्रीण आहे. तिथे 25, 50, 75 किंवा 100 टक्के आजारी असता येतं. ती दोन महिने 50 टक्के होती: सकाळी काम, दुपारी झोप. फिनलंडनेही 2007 मध्ये अर्धवेळ आजारपणाचा भत्ता आणला. जर्मनीत 2015 मध्ये आरोग्यक्षेत्राच्या सल्लागार तज्ज्ञ मंडळाने स्वीडनसारखे टप्पे सुचवले, तेव्हा कामगार संघटनांनी नाक मुरडलं. त्यांची भीती अशी की आज 'जमत असेल तर ये' म्हणतील आणि उद्या 'हात मोडलाय, पाय तर चालतोय ना' म्हणतील.

मला विचाराल तर स्वीडनची पद्धत शहाणपणाची वाटते. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या प्रोग्रामरला सहा आठवडे छताकडे बघायला लावण्यात कुणाचं भलं आहे? पण तास डॉक्टरने ठरवावेत, एवढी माझी अट आहे. बॉसने नाही, आणि माझ्यासारखीने तर मुळीच नाही. मला कुणी काही विचारलं की तोंडातून आधी 'करते' निघतं, विचार मागाहून येतो. आराखड्यावर 'दोन' लिहिलेलं नसतं, तर पहिल्याच आठवड्यात मी पाच तास बसले असते आणि पुन्हा सर्जनसमोर उभी राहिले असते.

सहाव्या आठवड्यात एकदा सहा तास पुरे झाल्यावरही काम बाकी होतं. मी शहाण्यासारखी उठले. त्याच सहकाऱ्याने वर न बघता हात हलवला.

पुढच्या सोमवारी पूर्ण आठ तास. मी आता अधिकृतपणे बरी होते. सव्वानऊला मॅनेजरचा मेल आला, तब्येतीबद्दल एक अक्षर नाही: ऑगस्टपासून राहिलेला टेस्ट रिपोर्ट आज मिळेल का?