वाक्य पटलं पाहिजे आणि श्वासात मावलं पाहिजे

सध्या अफर्मेशनचं वारं आहे, मोबाईल उघडला की कुणीतरी सांगतंच असतं की रोज आरशासमोर उभं राहून म्हणा मी यशस्वी आहे, मी श्रीमंत आहे. आमच्या ठाण्यात नौपाड्यातल्या सकाळच्या योगाच्या बॅचमध्येही परवा हाच विषय निघाला. मला यावर बोलायचंच होतं, कारण आसनं करताना मनात एक वाक्य धरणं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, पण वाक्य कुठलंही चालतं असं मात्र मला अजिबात वाटत नाही.

मनाला जे खरं वाटत नाही ते कितीही वेळा म्हटलं तरी आत जात नाही. 2009 मध्ये कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला होता, त्यात ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी आहे’ अशा अर्थाचं वाक्य परत परत म्हणून उलट जास्त वाईट वाटलं. 2020 मध्ये दुसऱ्यांनी पुन्हा करून बघितलं तर तसं दिसलं नाही, म्हणजे तो शेवटचा शब्द नाही. पण बॅचमध्ये मी बघते ना, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक काकू आहेत, त्यांना ‘माझे गुडघे एकदम मस्त आहेत’ म्हणायला सांगितलं तर त्यांचा चेहराच पडतो. त्या आता ताडासनात ‘पाय मला धरून आहेत’ असं म्हणतात, हे त्यांचं त्यांनीच शोधलंय, आणि ते खरं आहे म्हणून उभं राहताना खांदेसुद्धा सैल पडतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. सोहम् घ्या, आत येताना सो, बाहेर जाताना हम्, संपलं. आपलं वाक्यसुद्धा असंच दोन तुकड्यांत मोडता आलं पाहिजे. मी वीरभद्रासनात श्वास घेताना ‘मी इथे’ आणि सोडताना ‘मी स्थिर’ म्हणते. लांबलचक वाक्य घेतलं की श्वास त्याच्या मागे ओढला जातो, दम लागतो. आणि मराठीतच म्हणा हो, जी भाषा दुखलं की तोंडातून येते तीच! 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ‘ॐ मणि पद्मे ॐ’चा जप आणि ख्रिश्चनांची लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना दोन्हींमध्ये लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण 6 इतका संथ झाला होता. म्हणजे शब्दांची लय श्वासाला बांधते, धर्म कुठलाही असो.

अर्थही सोडायचा नाही पण. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, 28व्या सूत्रात, ॐचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना दोन्ही जोडीने सांगितलंय. नुसता पोपटासारखा जप करून माळ पूर्ण होईल, बाकी काही नाही.

ज्यांना कुठून सुरू करायचं कळत नाही त्यांनी योगनिद्रेतला, म्हणजे पडून जागेपणी शरीर सैल सोडायच्या सरावातला, संकल्प बघावा. मुंगेरच्या बिहार स्कूल ऑफ योगाचे स्वामी सत्यानंद यांच्या पद्धतीत सुरुवातीला आणि शेवटी, शरीर सैल असताना, एकच छोटं वाक्य 3 वेळा मनात म्हणतात आणि ते रोज बदलत बसत नाहीत. मला हे न बदलणं फार आवडतं. आज आत्मविश्वास, उद्या शांतता, परवा वजन असं केलं तर एकही वाक्य मुरत नाही. आणि एकदा मुरलं ना की ते मॅटवरच राहत नाही, संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या जिन्यावर गर्दीत अडकले की माझं ‘मी इथे, मी स्थिर’ न बोलावता चालू होतं.

फक्त कपालभातीत आणि भस्त्रिकेत शब्द घालू नका. तिथे श्वासाचा वेग इतका असतो की वाक्य सांभाळताना लय तुटते, तिथे नुसतं पोटाकडे लक्ष द्या, वाक्य नंतर शवासनात घ्या.