कितके वाजलेले?

मालवणात दर बुधवारी चार वाजता दारू सोडणाऱ्या बायकांची आमची बैठक एका घराच्या पडवीत भरते. पाटी मुद्दामच लावलेली नाही. कोणी विचारलं तर बचतगट म्हणायचं. दारू सोडणाऱ्या पुरुषांच्या मिटिंगला या बायका जायच्या नाहीत. समोर नवऱ्याचाच खलाशी बसलेला असायचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अमेरिकेत १९३५ साली दोन पुरुषांनी सुरू केली, आणि जीन कर्कपॅट्रिक यांनी बायकांसाठी वेगळा गट काढेपर्यंत १९७५ उजाडलं. आम्हीही उशीराच सुरुवात केली.

जूनचा दुसरा आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सगळ्यांची मदार सुक्या मासळीवर. सातजणी आत आल्या, आठवी पायरीवरच बसली. स्वतः भिजत होती, टोपलीवरचं प्लास्टिक मात्र घट्ट बांधलेलं.

"भितूर ये गो."

"नको. काल घेतलंय."

तिचे दारूशिवाय पंचेचाळीस दिवस झाले होते. मी समुपदेशकाच्या सवयीने विचारत गेले: काय झालं, कोणी बोललं का, मनात काय आलं? ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या मावशी बोलल्या. त्यांची दारू सुटून चार वर्षं झाली. (मिश्री अजून चालू आहे, ते भांडण वेगळं.)

"कितके वाजलेले?"

"सात."

"खंयच्या वाटेन गेल्लंस?"

तेव्हा ती बोलायला लागली. बाजार उठलेला, पाठ मोडलेली, कमरेला सुटे पैसे, आणि वाटेवर ते घर, जिथे गोवा बनावटीची क्वार्टर मागच्या दाराने मिळते. माझ्या केसपेपरवर तिचं माहेर, लग्न, पहिलं बाळंतपण सगळं होतं. संध्याकाळचे सात कुठेच नव्हते.

पुढची दहा मिनिटं मला कोणी विचारलंच नाही. पैसे बाजारातच भिशीवालीकडे द्यायचे. पावणेसातला मावशी फोन करणार. एकजण म्हणाली, "माझ्या वांगडा चल, मी त्या वाटेन जातच नाय." मग ती आत आली.

चहाचा ग्लास तिने दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत सांडला. इथे माझं काम होतं. बाजूला घेऊन विचारलं, फक्त कालच? नाही, चार दिवस रोज. आज सकाळपासून थेंब नाही. पूर्वी एकदा दारू सोडताना तिला फिटचा झटका आला होता, आणि असा झटका बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच गाठतो. अशा वेळी घरी बसून निश्चय करायचा नसतो, डॉक्टर गाठायचा असतो. रिक्षा बोलावली, दोघी तिच्यासोबत बसल्या. ती सारखी टोपलीकडे बघत होती.

टोपली मावशींनी डोक्यावर घेतली आणि सगळी विकली. गाठोड्यातले तीनशे चाळीस रुपये घेऊन त्या दवाखान्यात आल्या तेव्हा सव्वासात झाले होते. पैसे मात्र तिच्या हातात दिले नाहीत.